पाठ

अकरा वर्षं मी हेच शिकवत आलो:
फवारणी झाली की हरितगृहाच्या दारावर लाल झेंडा,
झेंडा उतरेपर्यंत आत पाऊल नाही,
हातमोजे कोपरापर्यंत,
डबा उघडण्याआधी साबण.
नैवाशाच्या तळ्याकाठी, गुलाबांच्या शेडमागे
पत्र्याची खोली, वीस बाकं,
आणि धडा मला इतका पाठ
की फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता
तो आपसूक बाहेर पडायचा, किस्वाहिलीत,
ठरलेल्या जागी ठरलेल्या विनोदासकट.

शेवटच्या बाकावर तिघं बसायची.
केरुबो, ओन्दिएकी आणि काडीसारखी न्याबोके.
सगळे हसले की तीही हसायची,
जराशी उशिरा.
तास संपला की हजेरीपत्रकावर सह्या,
खोलीतल्या सगळ्यांत सुवाच्य,
आणि मी वर कळवायचो:
प्रशिक्षण शंभर टक्के.

खोटं कशाला बोलू, ठाऊक होतं मला.
कानाडोळा म्हणतात त्याला.
कान त्यांचा होता, डोळा माझा.

यंदा एकाई आला, नाकुरूहून, सकाळच्या मटाटूने.
फिकट पिवळा सदरा:
सावळे हात उठून दिसावेत म्हणून.
त्याने खिडकी उघडली, मला दोन पावलं डावीकडे सरकवलं,
म्हणाला, लिहा तेव्हा बोलू नका,
बोलाल तेव्हा लिहू नका,
त्यांना डोळे दोनच आहेत.
मी हो म्हटलं
आणि सवयीने फिल्मसाठी दिवा मालवला.

मागून पाय आपटल्याचा दणका. बाकं हलली.
अंधारात एकाईचे हात बुडाले होते,
वाक्य अर्ध्यावर.

मग औषधाचं नाव आलं,
डब्यावरचं, लांबलचक, जीभ अडखळवणारं.
एकाई थांबला. याला खूण नाही, म्हणाला.
तिघांत वाद सुरू झाला, चांगला तावातावाने,
आणि तेवढा वेळ आम्ही बोलणारे
तोंड मिटून बसलो, पाव्हण्यांसारखे.
शेवटी न्याबोकेने मनगटावर दोन बोटं ठेवली,
ती कोपरापर्यंत चढवली
आणि तिथे मूठ झटकन उघडली.
बाही वर सरली होती.
डाग जुना होता.

केरुबोने भुवया आक्रसून विचारलं:
झेंडा, लाल, दारावर, कशाला?
एकाईने मला विचारलं. मी सांगितलं.
तिचे हात मांडीवर पडले, मग हळूच उठले:
मला वाटायचं, परदेशी पाहुणे येणार असले की लावतात.
म्हणून मी आत जायचे.
वाफे नीट करायला.

पत्रा उन्हाने तडतडत होता.
कुणाला काही सुचेना,
मलाही, ज्याला सगळं पाठ.

चहाच्या वेळी जरा धीर करून विचारलं,
तुमच्यात म्हणे माणसाला खुणेचं नाव असतं.
माझंही आहे का काही?
तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकाई कपात बघत राहिला.
ओन्दिएकीने तळवा स्वतःकडे वळवला,
हाताची पाठ माझ्यासमोर धरली,
आणि दुसऱ्या हाताने हवेत,
हाताच्या पलीकडे, मला न दिसेल असं
काहीतरी लिहिलं.

कधीपासूनचं?
पहिल्या दिवसापासूनचं.
आता बदलता येईल?
केरुबो मनापासून हसली, या वेळी सगळ्यांच्या आधी.
नावं अशी बदलत नाहीत, म्हणाली,
पण बिस्किटांचा पुडा माझ्याकडे सरकवला.

उद्या पॅकिंगची तुकडी आहे, त्यात दोघं.
फळा बाजूच्या भिंतीवर नेलाय,
एक खिळा वाकला, दुसरा बसला.
रात्री आरशासमोर उभा राहून
स्वतःचं नाव घेऊन पाहिलं.
अंगठा कुठे ठेवायचा
ते अजून नीट जमत नाही.